अर्ध्या तासाची चाचणी

गल्लीतली पोरं तिला दातवाली म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. बावीस वर्षं ती परक्या माणसांचे दात घडवत होती, मग दुसरं काय म्हणणार? नवरा गेला तेव्हा मुलगा धड चालतही नव्हता. ते एकुलतं एक कार्टं तिने लोकांच्या दाढांवर वाढवलं. आधी मेणात दात कोरायची, पुढे ते काम संगणकावर आलं तेव्हा तेही शिकली. लॅबमध्ये रुग्णाच्या दाताचा साचा स्कॅन व्हायचा, ती फाइल तिच्या घरी यायची. ती पडद्यावर दाताची कड आखायची, बटण दाबलं की संगणक हिशेब करून दातावर बसवायची कॅप तयार करायचा, मग ती तिला हवा तो आकार द्यायची आणि फाइल परत पाठवायची. लॅबचं यंत्र त्या फाइलीवरून पांढऱ्या ठोकळ्यातून कॅप कोरून काढायचं. तिची कॅप अशी बसायची की जिभेला सांधा लागत नसे. दोन-तीन दंतवैद्य तर चिठ्ठीवरच लिहायचे, काम बाईंकडेच द्या. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

मुलगा आता तेवीस वर्षांचा. दाढी राखलेला, प्रिंटरच्या दुकानात कामाला, घरी आल्यावर मात्र कुणीतरी भलताच मोठा. फोनवर त्याच्यासारख्याच शंभरेक रिकामटेकड्यांचा एक ग्रुप होता आणि तिथे त्याचं नाव होतं टर्बो. घोड्याएवढ्या माणसाने स्वतःला टर्बो म्हणवून घ्यायचं आणि इतर घोड्यांनी त्याला अंगठे दाखवायचे!

दातवालीने कामासाठी नवा संगणक घेतला. चांगला होता, झपझप चालायचा, तिची काडीचीही तक्रार नव्हती. तिसऱ्या दिवशी चिरंजीव त्याच्यापुढे मांडी ठोकून बसले.

"आई, या प्रोसेसरमध्ये अजून जीव आहे. कंपनी हात राखून विकते. मी हाताने वाढवून देतो. फुकटचा वेग!"

"मला कुठे घाई आहे?"

"तुला कळत नाही त्यातलं."

आता यातलं खरं काय ते सांगून टाकतो, कारण हे शहाणे सांगत नाहीत. एके काळी असेल त्या खटाटोपात काही अर्थ. आजचा प्रोसेसर आपलं तापमान आणि कामाचा भार बघून, झेपेल तेवढा आपण होऊनच पळतो. कारखान्यातच त्याचा जवळजवळ सगळा रस काढलेला असतो. त्यावर हाताने वाढवायला बसणं म्हणजे जेवण होऊन ताट पुसून झाल्यावर पुन्हा ताट चाटणं. त्यासाठी जास्त वीज पाजायची, ती पाजली की तो तापतो, तापला की मोठा पंखा हवा, पंखा बसवला की खोलीत भट्टी आणि कानाशी घरघर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एवढं करून मिळालं काय? तीन-चार दातांच्या मोठ्या ब्रिजच्या हिशेबाला पाच मिनिटं लागायची, त्यातले पंधरा सेकंद वाचले. तेवढ्यात दातवालीचा चष्माही पुसून होत नसे.

पण टर्बोला ब्रिजशी काय देणंघेणं? त्याला हवा होता आकडा. पाच पूर्णांक सहा गिगाहर्ट्झ. संध्याकाळ झाली की तो आईला खुर्चीवरून उठवायचा आणि चाचणी लावायचा. चाचणी म्हणजे एक प्रोग्राम, जो प्रोसेसरला अवघड गणितं घालतो आणि उत्तरं तपासतो. उत्तर चुकलं की लाल ओळ येते. अर्धा तास लाल ओळ आली नाही की हा पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि आईला सांगायचा, "स्टेबल आहे. बिनधास्त काम कर."

ती बिनधास्त काम करू लागली आणि महिन्याभरात पहिली कॅप परत आली.

परत आलेली कॅप कशी येते ते ज्याने पाहिलं नाही तो सुखी. लहानशा प्लास्टिकच्या पाकिटात, कुणाच्या तरी वाळलेल्या थुंकीसकट, वर दंतवैद्याच्या चावून बघायच्या निळ्या कागदाचा डाग, की बघा, इथे उंच लागते. दातवालीने पडद्यावर फाइल उघडून पाहिली. काही दिसेना. दिसणार कसं, केसाएवढा फरक! पण तोंडात केसाएवढा फरक खड्यासारखा लागतो. मग दुसरी आली, मग पाठोपाठ दोन. पंधरा कॅप चोख जायच्या आणि सोळावी वाकडी. संगणक एकदाही बंद पडला नाही, अडखळला नाही. मग चूक कुणाची? तिने तो दोष मुकाट्याने आपल्या अंगावर घेतला. बायकांना ती खोड असतेच, हिला जरा जास्तच होती.

लॅबचे मालक आधी गोडीत बोलले, मग नुसतेच बोलले. एक दिवस म्हणाले, "ताई, एकदा डोळे दाखवून घ्या. आणि तोवर जरा हलकं काम करा." हलकं काम म्हणजे मागच्या मोरीवर रुग्णांच्या तोंडातून काढलेले ठसे धुणं. लाळेने बुळबुळीत, कुठे रक्त, कुठे दातात अडकलेला घास तसाच चिकटलेला. बावीस वर्षांनंतर ती हातमोजे घालून ते धूत होती आणि काल आलेली मुलगी वरच्या खोलीत तिच्या कॅप करत होती. घरी जेमतेम दोन-चार फाइली यायच्या, त्याही आधीच्या विश्वासावर. त्यातली एक जरी पुन्हा चुकली असती, तर मालकांनी तिचं काम कायमचं त्या मुलीला द्यायचं ठरवलं होतं. तसं त्यांनी तिला तोंडावर सांगितलंही होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मुलगाच घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, फक्त कोरडेपणा आहे, थेंब घाला. पण एकदा संशय शिरला की चांगल्या बातमीवरही विश्वास बसत नाही. तिला वाटलं, डॉक्टरांना सापडलं नाही एवढंच. रोज निजण्याआधी मुलगा तिची पापणी दोन बोटांनी वर धरायचा आणि थेंब सोडायचा. म्हणायचा, "वय झालं की होतं गं असं, आई. टेन्शन नको घेऊस." तिने बहिणीला फोन करून सांगितलं, पोरगं सोन्यासारखं आहे माझं.

एका सुट्टीच्या दिवशी मुलगा बाहेर गेलेला असताना ती हट्टाने बसली. एकच दाढ दिवसभर पुन्हा पुन्हा आखून आपली नजर नेमकी कधी दमते ते एकदा बघूच, म्हणाली. एक जुनी दाढ घेतली, सकाळच्या ताज्या डोळ्यांनी तिची कड आखली, आणि तुलनेसाठी एक पक्की कॅप हाताशी असावी म्हणून हिशेबाचं बटण दाबलं. कॅप झाली. जेवून आली, तर जपून ठेवलेलं सापडेना, चुकून पुसलं गेलं की काय अशा शंकेने तिने त्याच आखलेल्या कडेवर पुन्हा बटण दाबलं. नंतर पहिली कॅप सापडली. सहज म्हणून तिने दोन्ही एकमेकींवर ठेवल्या. दोन्ही सारख्या असल्या की पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. इथे एका बाजूला लाल चट्टा.

तिने हात लावला नव्हता. कड तीच, फाइल तीच, बटण तेच. तिने पुन्हा दाबलं. हिरवं. पुन्हा. हिरवं. पाचव्यांदा दुसऱ्याच बाजूला लाल. एकाच बाईला पाचदा वय विचारावं आणि तिने तीन वेगवेगळी सांगावीत, तसा तो संगणक बोलत होता. दातवालीच्या छातीत असं हलकं वाटलं की ती एकटीच मोठ्याने हसली. डोळे ठीक होते तर! हात ठीक होते! मुलगा आला की त्याला हे दाखवायची तिला इतकी घाई झाली की ती दारातच उभी राहिली.

तो बूट काढत होता. ती म्हणाली, "अरे, बघ तरी, मशीन चुकतंय! एकच दाढ वेगवेगळी देतंय!"

त्याने वरही पाहिलं नाही. "कोअर पाच असेल. तो जरा नाटकं करतो."

"कोण नाटकं करतो?"

"अगं, प्रोसेसरमध्ये आठ कोअर असतात, म्हणजे हिशेब करणारी आठ डोकी. सात चांगले आहेत. पाचवा या स्पीडला कधीकधी गणित चुकवतो. अर्धा तास काढतो नीट, पुढे एखादी लाल ओळ येते."

ती एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"मी एकदा रात्रभर लावली होती चाचणी. तेव्हा दिसलं."

"कधी?"

"सुरुवातीलाच. म्हणून तर मग अर्ध्याच तासाची लावायचो."

हे तो कसल्याही आडपडद्याविना बोलला, जणू गळका नळ कुठला ते सांगतोय. चार महिने या पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. कॅप परत येत होत्या, आई मोरीवर परक्यांची थुंकी धूत होती, हा मूग गिळून बसला होता.

"मग कमी का नाही केलास?"

"थोडं कमी केलं की चुकत नाही. पण मग पाच पॉइंट सहा राहत नाही ना." आता कुठे त्याला आईचा चेहरा दिसला. "आई, मला काय माहीत तुझ्या कॅप त्यामुळेच येतात परत? असेल असं वाटलं होतं, पण तुझं वयही झालंय ना. दोन्ही असू शकतं."

दातवालीला राग आला नाही. राग आला असता तर तिने थोबाडीत दिली असती आणि विषय मिटला असता. तिला किळस आली. पापणी वर धरणारी ती दोन बोटं आठवली. मोरीवर रक्तालाळेने भरलेले ठसे धुताना तिला कधी अशी किळस आली नव्हती. ती आत गेली, तोंडावर पाणी मारलं, डोळे चोळचोळून धुतले आणि थेंबांची बाटली कचऱ्यात टाकली.

तिने बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, "जाऊ दे गं. आपलेच दात, आपलेच ओठ. मालकांना सांग, मशीन खराब होतं. पोराचं नाव कशाला घेतेस?"

"मशीन खराब नव्हतं," दातवाली म्हणाली, "चांगलं मशीन होतं."

दुसऱ्या दिवशी तिने मुलाला कामावर जाऊ दिलं नाही, लॅबमध्ये नेलं. वाटेत तो तीनदा म्हणाला, फोनवर सांगितलं तर चालणार नाही का. ती पुढे चालत राहिली. मालकांच्या खोलीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "सांग."

त्याने सांगितलं. खाली मान घालून, अडखळत, पण सांगितलं. प्रोसेसर वाढवला होता, तो गणितं चुकवत होता, मला ठाऊक होतं, आईची चूक नव्हती. दातवाली मालकांच्या तोंडाकडे बघत होती. ते आता काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं, ताई, माफ करा, असंच काहीतरी. चार महिने तिने तेवढ्याचसाठी मान खाली घातली होती.

मालक खुर्चीत पुढे सरकले. "बाप रे! किती नेला होतास?"

मुलाची मान वर आली. "पाच पॉइंट सहा. आठही कोअर."

"एअर कूलरवर? नुसत्या पंख्यावर?"

"साध्या एअर कूलरवर!" तो म्हणाला आणि दात काढले. मालकही हसले. म्हणाले, माझ्या भाच्यालाही फार नाद आहे, पाच पॉइंट चारच्या वर जात नाही त्याचा. मुलाने खिशातून फोन काढला, फोटो दाखवायला. दोन डोकी त्या फोनवर वाकली. ती तिथे आहे, याचा दोघांनाही विसर पडला होता. शेवटी मालकांना आठवलं आणि ते मान न उचलताच म्हणाले, "ताई, उद्यापासून तुमचं काम सुरू करा हं. झालं ते झालं."

"करते," ती म्हणाली. "पण इथे बसून, इथल्या मशीनवर. माझ्या घरी आता दात होणार नाहीत."

बाहेर आल्यावर मुलगा खुशीत होता. म्हणाला, "बघितलंस? उगाच घाबरवलंस मला. माणूस भारी आहे." दातवाली चौकाकडे चालू लागली. चौकात दिवा हिरवा झाला आणि त्याने सवयीने तिचं कोपर धरलं. डोळ्यांचं निघाल्यापासून तो रस्ता ओलांडताना तिला असाच धरून न्यायचा, आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं हो दातवालीने.

तिने हात झटकला, अंगावर पाल पडल्यावर झटकावा तसा.

"सोड. मला दिसतं. पहिल्यापासून दिसत होतं."

आणि ती एकटीच पलीकडे गेली. तो हात तसाच पुढे धरून कडेला उभा राहिला, तोवर दिवा पुन्हा लाल झाला आणि मध्ये गाड्या आल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही.