काकूंचा फोन

दाताच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या काकू फोनवर साड्या बघत होत्या. सहज नजर गेली आणि मी सावरून बसले. ती साइट मी तयार केली होती.

"रंग काय सुंदर आहेत गं या साइटचे!" त्या पलीकडे बसलेल्या आपल्या मुलीला म्हणाल्या.

रंग केतकीने निवडले होते, आमच्या ऑफिसातल्या डिझायनरने. तिचं काम लोकांना दिसतं. माझं बिघडलं तरच दिसतं. हा हेवा जुनाच, पण त्या दिवशी तो दाताच्या ठणक्यापेक्षा जास्त जाणवला. जुन्या फोनवरही पान चटकन उघडावं, एकदा पाहिलेल्या साड्या फोनमध्येच साठून राहाव्यात, रेंज गेली तरी काही अडू नये, यासाठी मी किती दिवस घातले होते! पण नळाला पाणी आलं की आपण तरी कुणाची आठवण काढतो?

तेवढ्यात मुलगी वैतागली. "आई, इथे अजिबात रेंज नाहीये."

"माझं तर चाललंय," काकू म्हणाल्या. त्यांचं बोट एकेका साडीवरून निवांत सरकत होतं. मी कान टवकारले. आता तरी कुणी म्हणेल, किती विचार करून केलीय ही साइट!

काकूंनी फोनच्या तडा गेलेल्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि त्या माझ्याकडे वळल्या. "सगळे म्हणतात, बदला आता. पण याच्यासारखा फोन नाही हो!"

"खरंच," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एका फोनचा हेवा वाटला.