संचारबंदीतली गाडी

ठाकुरद्वारच्या त्रिलोकेकरांच्या घरात पुरुषांनी कोर्टात नाहीतर सरकारी कचेरीत नोकरी करायची, असा रिवाजच होता. मनमोहनही कस्टममध्ये लागला होता. पण त्याचं मन टेबलावर कधी बसलंच नाही. लग्नकार्यात घरी कुणाची मोटार आली की हा मांडव सोडून ड्रायव्हरच्या शेजारी उभा. शेवटी एक दिवस राजीनामा देऊन त्याने काळाचौकीला लाकडाच्या एका बंद पडलेल्या वखारीची शेड भाड्याने घेतली आणि मोटारी दुरुस्त करू लागला. अप्पांनी, त्याच्या वडिलांनी, बरेच दिवस अबोला धरला. पाठारे प्रभूंचा मुलगा नखांत ग्रीस घेऊन पानावर बसतो, हे त्यांना सोसवत नव्हतं.

शेडमध्ये त्याच्या जोडीला हरेश्वर होता. वरळी कोळीवाड्याचा. माझगावच्या गोदीत जहाजांचा पत्रा ठोकून त्याचा हात बसला होता. दोघं एकाच वयाचे, तिशीतले. हरेश्वर त्याला मनूशेट म्हणायचा आणि मनमोहन त्याला नुसतं हऱ्या. दुपारी दोघं एका डब्यात जेवायचे. डबा बहुतेक वेळा हरेश्वरच्या बायकोचा, गुणवंतीचा असायचा. लालबागच्या बाजारात मासळी विकून परतताना ती तो शेडवर ठेवून जायची. मनमोहनला तिच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण फार आवडायचं.

मनमोहनच्या धाकट्या बहिणीचं, नलूचं, लग्न शरच्चंद्र अजिंक्यांशी झालं होतं. अजिंक्य म्हणजे खार-माहीमकडचे जमीनदार. शरदरावांना काम असं काही नव्हतं आणि शौक एकच, मोटारींचा. चोपन्न साली त्यांनी एका परत निघालेल्या इंग्रजाकडून दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी घेतली. गडद निळी, लांब बोनेटची, जमिनीला टेकल्यासारखी. ती घेऊन ते थेट काळाचौकीला आले.

"मनमोहन, तुझ्या हातात जादू आहे म्हणतात. हिला जरा जागी कर."

खरं तर गाडी चांगली जागी होती. पण मनमोहनने बोनेट उघडलं आणि त्याला स्वतःलाच राहवेना. त्याने कार्बोरेटर काढून मोठे बसवले, सायलेन्सरची नळी बदलली. इंजिन चालू झालं तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. शरदराव हसले. महिन्याभरात परत आले. "अजून थोडं." मग बंपर निघाले, मागे टांगलेलं जादा चाक निघालं, पुढची मोठी काच कापून हाताएवढी दोन काचेची फळकुटं तेवढी उरली. फ्लायव्हील, इंजिनाचं जड चक्र, कातून हलकं केलं. हरेश्वरने बोनेटवर हवेसाठी फटी पाडल्या, त्या इतक्या सफाईने की कारखान्यातूनच तशी आली असं वाटावं. दर वेळी गाडी थोडी हलकी व्हायची, थोडी जास्त पळायची, आणि दर वेळी शरदराव तेच म्हणायचे. अजून थोडं.

ब्रेक मात्र होते तेच होते. मनमोहनला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इंजिनाला बळ दिलं की ब्रेकलाही द्यावं लागतं, हे काही गुपित नव्हे. त्याने इंग्लंडहून ब्रेकचे मोठे ड्रम मागवले होते, पण आयातीचा परवाना अडला होता.

"ते येईपर्यंत आता काही करू नये, शरदराव."

"फेब्रुवारीत जुहूच्या धावपट्टीवर शर्यत आहे. ड्रम काय, येतील तेव्हा येतील."

पंचावन्नच्या दिवाळीत भाऊबिजेला नलू आली. ओवाळून झाल्यावर तबक हातात तसंच धरून ती म्हणाली, "दादा, मी आता त्या गाडीत बसत नाही. परवा वरळीच्या वळणावर ह्यांनी पाय काढलाच नाही. मी ओरडले तर त्यांना ऐकूच आलं नाही. खरंच ऐकू आलं नाही, रे. तू आता त्यांना काही बसवून देऊ नकोस."

"नाही देणार," मनमोहन म्हणाला. तो मनापासूनच म्हणाला.

पण त्याच आठवड्यात भायखळ्याच्या भंगारवाल्याकडे त्याला त्याच बनावटीच्या शर्यतीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट, झडपा उघडणारा दांडा, मिळाला. अशी वस्तू मुंबईत पुन्हा दिसली नसती. तो त्याने कापडात गुंडाळून शेडच्या माळ्यावर ठेवला आणि स्वतःला सांगितलं, ठेवायला काय हरकत आहे.

त्या वर्षी शहराचं काही खरं दिसत नव्हतं. नोव्हेंबरात फाउंटनला गोळीबार झाला होता. गिरणीच्या फाटकांवर रोज सभा व्हायच्या. जानेवारीत गाडी शर्यतीच्या तयारीसाठी शेडमध्येच होती. तेव्हाच एका संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या हाती राहील. दुसऱ्या दिवशी गिरणगाव रस्त्यावर आलं. ट्राम बंद, बस बंद. लालबागच्या दिशेने धूर दिसायचा आणि मधूनच सुकी लाकडं मोडावीत तसे आवाज यायचे. ते आवाज कसले हे पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मग संचारबंदी लागली. मनमोहन आणि हरेश्वर शेडमध्येच अडकले.

दार आतून लावून दोघं बसून राहिले. चहापुरतं दूध नव्हतं, शिळे पाव होते. बाहेरून बुटांचे आवाज जात. हरेश्वर सारखा उठून फटीतून पाहायचा.

"गुणी पोरांना घेऊन घरातच असंल ना, मनूशेट?"

"असेल. वरळीला शांत आहे म्हणतात."

रिकामे हात मनमोहनला खाऊ लागले. बसल्या बसल्या वेडं होण्यापेक्षा बरं, असं म्हणून त्याने माळ्यावरून कॅमशाफ्ट काढला. गोळ्यांचे आवाज ऐकत ऐकत दोघांनी तो बसवला. दार बंद, त्यामुळे इंजिन क्षणभरच चालू करता आलं. तेवढ्यात मनमोहनला कळलं की आपण काय तयार केलं आहे. त्याने झटकन इंजिन बंद केलं. त्यात भीती होती आणि आनंदही होता. पुढे तो म्हणायचा की त्यात आनंदच जास्त होता.

एका सकाळी काही तासांकरता संचारबंदी उठली. लोकांना दूध-धान्य आणायला सवलत. दारावर थाप पडली. शरदराव होते. ओळखीने मिळवलेला पास खिशात, अंगावर पांढरा शर्ट, चेहरा ताजा. कुणा मित्राने त्यांना मोटारीने सोडलं होतं.

"झाली तयार? चल, बघू."

"आज?"

"आजच. शिवडीकडचा रस्ता पाहिलास? एक बैलगाडी नाही, एक ट्रक नाही. असा रस्ता जन्मात मिळायचा नाही."

मनमोहन म्हणाला, "सवलतीची वेळ आहे, शरदराव. माणसं बाहेर पडली असतील."

"माणसं बाजारात असतील. गोदीच्या रस्त्यावर कोण मरायला येतंय?"

तेव्हा त्याने चावी खिशात घालायला हवी होती. ती त्याच्याच हातात होती. त्याने ती शरदरावांना दिली आणि शेजारी जाऊन बसला. इंजिन कसं ओढतं ते त्याला ऐकायचं होतं.

कापसाच्या वखारींमधला तो रस्ता एरवी गजबजलेला. त्या सकाळी वखारींची दारं बंद होती आणि रस्त्यावर फक्त विटांचे तुकडे आणि एक उलटी चप्पल. शरदरावांनी पाय दाबला. दोन्ही बाजूंच्या भिंती मागे पळाल्या. मनमोहनने आयुष्यात इतका वेग पाहिला नव्हता. टोकाला ब्रेक लागला, गाडी थोडी डावीकडे ओढली, थांबली. वळून पुन्हा. दुसऱ्या खेपेला थांबताना करपल्यासारखा वास आला.

"पुरे. ड्रम तापलेत. सावकाश शेडवर घ्या."

"घेतो," शरदराव म्हणाले, आणि परतीच्या वाटेवरच त्यांनी पुन्हा पाय दाबला.

गुणवंती त्या सकाळी सवलतीची वेळ साधून घरातून निघाली होती. नवरा शेडवर उपाशी असेल म्हणून भात आणि कालवण बांधून घेतलं. ट्राम नाही, बस नाही, म्हणून वरळीहून चालत, करी रोडचा पूल ओलांडून, लालबागमधून. काळाचौकीच्या नाक्यावर ती रस्ता ओलांडत होती. इतक्या दिवसांत या रस्त्यावरून पोलिसांच्या लॉरीखेरीज काही गेलं नव्हतं. लॉरीचा आवाज तिला ओळखता येत होता. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तो कुठून येतो आहे हे पाहायला ती मध्येच थांबली.

मनमोहनने तिला पाहिलं. शरदरावांनीही पाहिलं असावं, कारण त्यांचा पाय ब्रेकवर गेला. पेडल दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडी तशीच पुढे गेली. तापलेले ड्रम काही धरेनात. शरदरावांनी गाडी वळवली, पण पुरेशी वळली नाही.

आवाज मोठा झाला नाही.

हरेश्वर शेडच्या दारात आला होता. इंजिनाचा सूर ऐकून तो हसतच बाहेर आला होता. मग त्याला रस्त्यावर सांडलेला भात दिसला.

शरदराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होते. मनमोहन उतरला, धावला. गुणवंती शुद्धीवर होती. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. मागून शरदराव हलक्या आवाजात म्हणाले, "मनमोहन, ऐक. दंगलीत लागलं म्हणून सांग. आज कोण विचारतंय? नलूचा विचार कर."

मनमोहनने शरदरावांना हाताला धरून गाडीतून उतरवलं. दोनच माणसांची ती गाडी. हरेश्वर गुणवंतीला मांडीवर घेऊन बसला आणि मनमोहनने पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, ती परळच्या इस्पितळापर्यंत नेली. इंजिन बैलासारखं पुढे ओढत होतं. शरदराव रस्त्याच्या मधोमध उभे होते, ते लहान लहान होत गेले.

इस्पितळाच्या दारात स्ट्रेचरांची रांग होती. एका थकलेल्या हवालदाराने मान वर न करता विचारलं, "गोळी का दगड?"

"गाडी," मनमोहन म्हणाला.

हवालदाराने मान वर केली. "कुणाची?"

हरेश्वर पाहत होता. मनमोहनच्या डोळ्यांपुढे तबक धरलेली नलू आली. तो म्हणाला, "शरच्चंद्र अजिंक्य यांची. चालवत तेच होते. एवढी पळायला लावली मी."

गुणवंतीला ज्या खोलीत ठेवलं तिथे सगळ्या बायका गोळीबारात जखमी झालेल्या. दोन दिवसांनी काही कार्यकर्ते संत्री आणि फुलं घेऊन आले. खाटेखाटेपाशी जाऊन हात जोडत होते. गुणवंतीच्या उशाशी आले तेव्हा तिने फूल घेतलं नाही.

"मना गोली नाय लागली, दादा. मना गारीनं मारलं. ते फूल बाजूच्या बाईला द्या, तिचा पोर गेला." आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

नलू ठाकुरद्वारला आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"दादा, नाव तू सांगितलंस?"

"हो."

"मी तुला नको म्हटलं होतं. तेव्हा ऐकलं असतंस तर आज सांगायची वेळ आली नसती." ती रडली नाही. "आता ते घरात रात्रंदिवस बसून असतात. काही बोलत नाहीत. मला त्यांची भीती वाटते." एवढं बोलून ती गेली. पुढची काही वर्षं भाऊबिजेला ती आली नाही.

खटला सत्तावन्नपर्यंत रेंगाळला. शरदरावांच्या वकिलांनी सगळा रोख मनमोहनवर ठेवला. ब्रेक अपुरे आहेत हे तुम्हाला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. मनमोहन म्हणाला, माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या वकिलाने डोकं धरलं. शरदरावांचा परवाना काही काळ गेला, बाकी काही झालं नाही. मनमोहनकडे गाड्या येणं थांबलं आणि शेड त्याला सोडावी लागली. मग तो एका लॉरीवाल्याच्या आगारात ब्रेकचं काम करू लागला. इंजिनाला त्याने पुन्हा हात लावला नाही.

दर रविवारी तो कोळीवाड्यात जायचा. हरेश्वर त्याला पाहून उठून किनाऱ्याकडे निघून जायचा. गुणवंतीचा पाय वाचला, पण टोपली डोक्यावर घेऊन चालणं संपलं. ती दारात बसून सुकी मासळी विकायची.

"येऊ नको असं मी बोलत नाय," ती एकदा म्हणाली. "पन त्याला तू दिसलास का त्याच्या कानात तो आवाज चालू होते. माज्या पन होते."

मनमोहन तरी जात राहिला. दोनेक वर्षांनी एका रविवारी हरेश्वर उठला नाही. जाळं विणत तिथेच बसला.

गाडी शरदरावांनी विकून टाकली होती. पेडर रोडच्या एका तरुणाने ती घेतली असं मनमोहनच्या कानावर आलं. तो पत्ता काढत गेला. दारातच त्याने सांगितलं की या गाडीचे ब्रेक बदलल्याशिवाय ती चालवू नका, मी बदलून देतो.

तरुण मोठ्या अदबीने बोलला. "म्हणजे हे इंजिन तुम्ही केलंत? या ना, आत या. मी तुम्हालाच शोधत होतो. यातून अजून किती निघेल?"

मनमोहन आत गेला नाही. त्यानंतर तो आणखी दोनदा गेला. दोन्ही वेळा फाटकावरूनच साहेब घरी नाहीत असं सांगण्यात आलं, आणि दोन्ही वेळा निळी गाडी फाटकातून दिसत होती.

साठ साली राज्य झालं. गिरगावात गुढ्या उभारल्या, लोकांनी एकमेकांना पेढे भरवले. त्या दुपारी मनमोहन ऑपेरा हाऊसच्या नाक्यावर रस्ता ओलांडायला उभा होता. शेजारी नटलेल्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेली माणसं. ह्यूज रोडकडून इंजिनाचा तो ओळखीचा सूर आला. फार लांबून, बारीक. इतर कुणाच्या तो लक्षातही आला नाही. मनमोहनने दोन्ही हात आडवे पसरले आणि गर्दी फुटपाथवर अडवून धरली.

"अहो, काय झालं?" एक गृहस्थ चिडून म्हणाला. "रस्ता मोकळाच आहे."

"थांबा," मनमोहन म्हणाला. "जरा थांबा."