रहमीम सरांच्या घोयऱ्याचा डोळा

मास्तर लोकांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कोटाच्या खिशात खडूचे तुकडे साठतात ना, तसे ते साठत जातात. एखाद्या दिवशी खिसा उलटा केला की सगळे एकदम टेबलावर! मी पनवेलच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचो. त्या वेळच्या स्टाफरूममधले आम्ही आता थोडेच उरलोय. भेटलो की गॅदरिंगची भांडणं निघतात, हेडमास्तरांच्या नकला होतात, हसून हसून ठसका लागतो. आणि मग कुणीतरी रहमीम सरांच्या घोयऱ्याचा विषय काढतं. सुरुवातीला त्यावरही आम्ही पोट धरून हसतो. मग हळूहळू एकेक जण घड्याळ बघायला लागतो.

*

रहमीम सर म्हणजे आमचे सायन्स टीचर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या कितीतरी पिढ्या कुलाबा जिल्ह्यात गेल्या, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. उंच, किरकोळ, आणि जाड भिंगांचा चष्मा.

एकदा ते एसटीने पेणहून येत होते. कर्नाळ्याच्या जंगलात गाडी आली आणि सर सीटवरून ओरडले, "थांबवा! थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं, कुणी पडलं. बघतो तर रस्त्याच्या मधोमध एक घोयरा. हा सरड्यातला वेगळाच प्रकार. शेपटीची गुंडाळी, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे, आणि चाल अशी की एक पाऊल पुढे टाकायचं आणि टाकू की नको म्हणून तिथल्या तिथे झुलत राहायचं.

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, हा आज रस्ता ओलांडणार की उद्या?"

सर खाली उतरले, त्याला बाहीवर घेतलं आणि परत येऊन बसले. शेजारची गव्हाणची एक बाई ताडकन उठली. "टाका त्याला खाली! इखारी हाय तो! नायतर मना तरी उतरवा!"

कंडक्टरने पंच वाजवला. "याचं तिकीट अर्धं फाडू की पूर्ण?"

सर म्हणाले, "त्याला कुठे जायचंच नव्हतं हो. मीच उचललाय."

*

स्टाफरूमच्या पूर्वेच्या खिडकीत जास्वंदीची एक कुंडी होती. तिथे चांगला उजेड येतो म्हणून सरांनी त्याला त्या जास्वंदीवर ठेवला. एक डोळा आमच्याकडे, दुसरा मैदानाकडे. हे बघून संस्कृतच्या जोशी गुरुजींनी लगेच नाव ठेवलं, "इन्स्पेक्टर!"

नाव इतकं चपखल बसलं की पुढे हेडमास्तरसुद्धा विचारायचे, "आज इन्स्पेक्टरांनी काय खाल्लं?"

आणि खाणं तर बघण्यासारखं! नाकतोडा वीतभर अंतरावर बसलेला असायचा. इन्स्पेक्टरचे दोन्ही डोळे हळूच एकाच जागी वळायचे, जीभ सटकन बाहेर आणि नाकतोडा गायब! कधी नेम चुकला नाही. मधल्या सुट्टीत आम्ही चहा हातात घेऊन बघत उभे राहायचो.

मग एकदा जीभ गेली ती नाकतोड्याच्या दोन बोटं अलीकडेच थांबली. आम्ही हसलो. पुन्हा गेली, या वेळी बाजूने. आम्ही आणखी हसलो. पी.टी.चे शिक्षक म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, चष्म्याचा नंबर बदलला वाटतं!"

रहमीम सर हसले नाहीत. ते कुंडीपाशी वाकले आणि चष्मा वर सारून जवळून बघू लागले. मग म्हणाले, "डावा डोळा सुजलाय याचा. भरदिवसा मिटून बसलाय."

*

यात शाळेची तपासणी आली. खरेखुरे इन्स्पेक्टर हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेत होते. नेमके त्यांचेही डोळे आलेले, म्हणून खोलीतही काळा चष्मा. हेडमास्तर समोर हात बांधून उभे, मी दारापाशी.

इतक्यात आमचा शिपाई गोमा धावत आत शिरला. काळ्या चष्म्याकडे त्याचं लक्षच नाही.

"सर, इन्स्पेक्टर आज बी काय खात नाय! डावा डोला पार मिटलाय. रहमीम सर सांगतान, दोगांनी नीट धरा आनि डोल्यात बोरिकचं पानी सोडा!"

हेडमास्तरांचा चेहरा असा झाला, की मी तो पुढे अनेकदा काढून बघितला. जमला नाही.

साहेबांनी कप खाली ठेवला. हळूच चष्मा काढला. डोळे लालभडक. अगदी मनापासून म्हणाले, "बोरिकने मला काही फरक पडला नाही हो. गुलाबपाणी असेल तर बघा."

*

बोरिकने आमच्या इन्स्पेक्टरलाही फरक पडला नाही. सर त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी बरोबर होतो. पुढे एक बैल, मागे एक म्हैस, मध्ये सर आणि त्यांच्या बाहीवर हा. डॉक्टर बिचारे भले होते. म्हणाले, "मास्तर, माझ्याकडचा सगळ्यात छोटा डोस रेडकाचा. तो दिला तर डोळाही राहणार नाही आणि घोयराही."

म्हणून आम्ही माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉ. खरे. बाकड्यावर ही गर्दी! डॉक्टरांनी दारातून पाहिलं आणि सरळ आम्हाला आत बोलावलं.

बाकड्यावरच्या एक मोतीबिंदूवाल्या आजी भडकल्या. "आमी सकालपासून बसलोय! माज्या आदी सरडा?"

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "आजी, तुम्हाला एका डोळ्याने भाकरी खाता येते की नाही?"

"येते."

"याला नाही येत. समोरचं भक्ष्य किती लांब आहे ते दोन्ही डोळे लावल्याशिवाय याला कळत नाही. उपाशी मरेल."

आजींनी दारातून आत वाकून पाहिलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "मग त्यालाच बग बाबा आदी."

*

डॉक्टरांनी डोळा धुतला, कापसाच्या टोकाने थोडा घट्ट पू काढला आणि कॉडलिव्हर ऑइल सुरू करायला सांगितलं. नाकतोडा तेलात बुडवायचा आणि चिमट्याने इन्स्पेक्टरच्या तोंडाशी धरायचा.

आता हे शनिवारी कोण करणार? शनिवारी रहमीम सरांचा शब्बाथ. ते शाळेत येत नसत. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, तर जोशी गुरुजी उठले. सोवळ्याओवळ्याचे इतके कडक, की दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नसत. त्यांनी उपरणं नाकाला गुंडाळलं, माशाच्या तेलाची बाटली डाव्या हाताने लांब धरली आणि उजव्या हातात चिमटा घेतला.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही?"

उपरण्यातून आवाज आला, "उपाशी विद्यार्थी मला वर्गात चालत नाही."

घोयरा साठलेलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, हे सरांनी सांगितल्यावर गुरुजी घरून संध्येची पळी घेऊन यायला लागले. त्या पळीने जास्वंदीच्या पानांवर थेंब थेंब पाणी सोडायचे. घरी पंचपात्र पळीशिवाय राहिलं ते राहिलंच.

*

याच सुमाराला रहमीम सरांचं इस्रायलला जायचं ठरलं. त्यांचे दोन्ही मेहुणे आधीच गेले होते, मोठी मुलगीही गेली होती. गावातली बेने इस्रायलींची घरं एकेक करून बंद होत होती. पण सरांचा पाय निघेना. आज उद्या करत राहिले.

एका दुपारी त्यांच्या पत्नी, एस्तेरवहिनी, थेट स्टाफरूममध्ये आल्या. कधी यायच्या नाहीत. सर वर्गावर होते. त्यांनी खिडकीतल्या कुंडीकडे बघितलं आणि आम्हाला म्हणाल्या, "हाच ना तो? आमचं अर्धं सामान बांधून झालंय. शेजारीपाजारी विचारतात, कधी निघणार? मी काय सांगू? सरड्याचा डोळा उघडला की!"

आम्ही हसलो. त्याही हसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, लेक वाट बघतेय तिकडे."

गुरुजींनी त्यांना पाणी दिलं. स्वतःच्या तांब्यातलं.

काही दिवसांनी डोळा खरंच उघडला. पूर्ण नाही, पण भिंगरीसारखा फिरायला लागला. इन्स्पेक्टरने नेम धरला आणि नाकतोडा उचलला. सगळ्या स्टाफरूमने टाळ्या वाजवल्या, एकट्या रहमीम सरांनी नाही. ते मान खाली घालून चष्म्याची भिंगं पुसत राहिले. आता थांबायला कारण उरलं नव्हतं.

स्टँडवर निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून गुरुजींचा हात धरला. "गुरुजी, त्याला सांभाळा."

गुरुजी म्हणाले, "निश्चिंत जा."

*

पावसाळा संपता संपता इन्स्पेक्टरचे दोन्ही डोळे मिटले. त्याचा रंगही गेला. म्हणजे फिकट झाला नाही, उलट चिंचेच्या कोळासारखा काळपट झाला. मी रंगांचा मास्तर, पण तसा उदास रंग मी आयुष्यात कालवला नाही.

डॉ. खरे स्वतः शाळेत आले. डोळे तपासले. मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं. पांढरं फटक!

"डस्टर कुठे झटकता?"

सगळी शाळा त्या खिडकीबाहेर डस्टर झटकायची. वारा आला की खडूची पूड परत आत.

डॉक्टर म्हणाले, "यानेच झालं असं छातीठोक नाही सांगत मी. पण सुजऱ्या डोळ्याला हे रोज म्हणजे..." त्यांनी बोटावरची पूड रुमालाला पुसली.

जागा कुणी निवडली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजी दाराकडे गेले, दार लोटलं आणि म्हणाले, "यातलं अक्षरही रहमीमला कळता कामा नये."

आम्ही त्याला विहिरीजवळच्या मेंदीच्या कुंपणावर नेलं. तिथे हवा स्वच्छ होती. गुरुजी त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायचे, तोंडाशी नाकतोडा धरायचे आणि त्याला काय काय सांगायचे. "डावीकडून हेडमास्तर येतायत. उजवीकडे गोमा झोपलाय. रिपोर्टात लिहा." पी.टी.चे शिक्षकसुद्धा यावर काही बोलले नाहीत. पण तो खाईना. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत गेला. गोमाने तिथेच, मेंदीच्या मुळाशी खड्डा केला. गुरुजींनी पळीभर पाणी सोडलं.

रहमीम सरांना कुणी कळवलं नाही. त्यांची खुशाली यायची, आम्ही आमची पाठवायचो. इन्स्पेक्टरबद्दल त्यांनी विचारलं की गुरुजी उत्तरात पावसापाण्याचं लिहायचे.

*

बऱ्याच वर्षांनी रहमीम सर आले. पुतण्याच्या लग्नासाठी मुंबईला आले होते, तिथून वेळ काढून पनवेलला. केस पिकलेले, चष्मा आणखी जाड. गुरुजी तेव्हा रिटायर झालेले, पण बातमी कळताच कोट घालून शाळेत हजर. गळाभेट झाली, हालहवाल झाली. मग सरांनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं.

"इन्स्पेक्टर कुठाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "बाहेर असतो आता. चला, दाखवतो."

आम्ही मागोमाग गेलो. गोमा म्हातारा झाला होता, तोही आला. गुरुजी मेंदीच्या कुंपणापाशी थांबले. ज्या माणसाने आयुष्यात मुलांना अर्धा मार्क खोटा दिला नाही, त्याने हात लांब केला आणि पानांकडे बोट दाखवलं.

"तो काय. त्या फांदीवर."

फांदीवर काही नव्हतं. ऊन पडलं होतं फक्त.

रहमीम सर पुढे वाकले. कपाळावर हात धरून त्यांनी बराच वेळ बघितलं. गोमा तोंड फिरवून विहिरीकडे बघत होता.

"हां," सर म्हणाले. "दिसला. हिरवागार आहे की!"

"आहेच," गुरुजी म्हणाले.

"आणि डोळे?"

"दोन्ही उघडे."

सर सरळ झाले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. मग गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला गुरुजी, चहा घेऊ. त्याला बसू दे उन्हात."