तुळसाच्या हातची पोत

देवबागेत मी बावीस वर्षं मास्तरकी केली. त्यातली निम्मी पोरांना बाराखडी शिकवण्यात गेली आणि निम्मी गावाची पत्रं वाचण्यात. टपालवाला मालवणहून वाळू तुडवत यायचा आणि सगळा गठ्ठा शाळेत टाकून मोकळा व्हायचा. मग कोणाचा मुलगा गिरणीत चिकटला, कोणाची मनीऑर्डर का चुकली, हे घरच्यांच्या आधी मला कळायचं. लोकांना यात मोठा मान वाटे. मला नाही वाटला कधी. दुसऱ्याचं बरंवाईट आपल्या तोंडाने वाचून दाखवण्याचं काम माणसाला लवकर म्हातारं करतं. त्यातलं एक पत्र तर मी आठ वर्षं सांभाळलं. ते तुळसाचं.

तुळसाचं सासर शाळेच्या कुंपणाला लागून, आणि माझं बिऱ्हाडही शाळेच्या आवारातच. लहानपणापासून तिला ओवण्याचा नाद होता. गुंजा, शिंपले, तुटक्या माळांचे काचमणी, हाताला लागेल ते ती दोऱ्यात घालायची, आणि कंटाळा आला की उसवून पुन्हा ओवायची. लग्न होऊन लवूच्या घरी आली तरी नाद सुटला नाही. लवू खलाशी, वर्षातले आठ महिने पाण्यावर. बाकीच्यांचे नवरे लुगडी आणत, हा प्रत्येक बंदरातून कागदाच्या पुडीत मणी आणायचा. सासू कपाळाला हात लावायची. "घोवान मणी आणूचे नि बायलेन ओवूचे! बरो चल्लो हा संसार!"

एका जत्रेत घाटावरचा एक पटवेकरी आला होता, दागिने दोऱ्यात गुंफून देणारा. तुळसा दिवसभर त्याच्यापुढे बसून राहिली आणि गाठ कशी पडते ते बघून आली. घरी येऊन तिने स्वतःची गाठ बसवली. मेण लावलेला दोरा, एक उलटा फेरा, आणि टोक शेवटच्या मण्यात जिरवलेलं. ती गाठ सुटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

धंदा कोणी ठरवून काढला नाही. एका आषाढात शेजारच्या काशीबाईंचं मंगळसूत्र वाढलं. तुटलं म्हणायचं नसतं, वाढलं म्हणायचं. बाहेर पाऊस नि उधाण, मालवणला जायची सोय नाही, आणि सवाष्णीचा गळा रिकामा ठेवायचा नाही म्हणून बाई दोऱ्यात हळकुंड बांधून दोन दिवस घरात बसलेली. तुळसाने ते अर्ध्या तासात ओवून दिलं. मग दुसरी आली, मग तारकर्लीची एक आली, आणि तीनचार वर्षांत मालवणचा बाबली शेट सोनार लग्नसराईतली सगळी पोत तिच्याकडे पाठवू लागला.

तिची एक रीत होती. ओवून झालं की ते मंगळसूत्र ती आधी आपल्या गळ्यातल्या मण्यांना टेकवायची आणि मग द्यायची. मला वाटायचं, लोक गाठीसाठी येतात. पण ज्या गावातले अर्धे पुरुष दर्यावर, तिथल्या बायका त्या टेकवण्यासाठी येत होत्या. हिचा लवू दर खेपेला सुखरूप परततो, तसा आपलाही परतेल, एवढंच त्यांना हवं असायचं.

तुळसा मात्र दमत चालली होती. दुपार म्हणू नका, जेवणाची वेळ म्हणू नका, ओटीवर कोणीतरी हळकुंड बांधून बसलेलीच. एकदा मला म्हणाली, "हौस होती तवसर बोटां माजी होती, मास्तरानू. आता ती लोकांची झाली."

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात ते पत्र आलं. लवू तेव्हा दोन वर्षं कोचीनच्या बंदरात एका बोटीवर होता, पावसाळ्यात तेवढा घरी येई. पत्र त्याच्याबरोबरच्या शंकर नावाच्या रत्नागिरीकडच्या खलाशाचं. मी ते घेऊन तुळसाकडे गेलो. सासू मागच्याच वर्षी वारलेली. घरात ती आणि नऊ वर्षांची आनंदी. आनंदी खेळायला गेली होती. सुपात सतरा लग्नांची पोत मांडलेली. मी चार ओळी वाचल्या. ताप आला, आठ दिवस होता, पौर्णिमेला गेला, आम्हीच सगळं केलं.

तिने हात वर केला. "पुरे."

ती रडली नाही. सुपातली पोत तिने एकेक करून मोजली. मग म्हणाली, "मास्तरानू, ह्या पत्र अजून इलाच नाय."

"काय बोलतंस गो?"

"रांडाव बायलेच्या हातची पोत कोण घेईत? ह्या सतरा घरांनी वाट्या परत न्हेल्यानी तर मी आनंदीक काय घालू? सासऱ्याची जमीन नाय, माजो भाव नाय. इतकी लग्ना होव देत. मगे येव दे पत्र."

मी पत्र घडी करून खिशात घातलं. पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारा मी. त्या सराईनंतर पुढची सराई आली, आणि मग मीही विचारायचं सोडलं. तिने फक्त एक बदल केला. ओवलेलं मंगळसूत्र ती आता गळ्याला टेकवत नसे. अंगणातल्या तुळशीला टेकवायची. बायकांना ते जास्तच सोवळं वाटलं. सर्वपित्रीला ती सासऱ्याचं पान वाढायची, त्यात भाताची मूद एक जास्त असायची. या दोन्हींचा अर्थ कळणारा गावात मी एकटा.

पण नवरा परत येत नाही, पत्र येत नाही, पैसे येत नाहीत, म्हणजे काय? गावाने उत्तर स्वतःच शोधलं. लवूने तिकडे दुसरं घर केलंन. कोणी सांगितलं, मल्याळी बाई आहे. कोणी सांगितलं, दोन पोरं आहेत. लवूसारखा पुडीतून मणी आणणारा साधा माणूस, त्याला लोक ओटीओटीवर शिव्या घालू लागले. तुळसा मान खाली घालून ओवत राहायची. आणि मजा बघा, तिच्याकडची पोत एकानेही बंद केली नाही. टाकलेली बाई चालते, कारण तिचा नवरा कुठेतरी जिवंत असतो! हे कळलं त्या दिवशी मला या गावाचा, त्याच्या शास्त्राचा आणि माझ्या मास्तरकीचा इतका राग आला की मी पोरांना दुपारीच सुट्टी देऊन टाकली.

पण मी तरी कोण लागून गेलो होतो? बासष्ट साली माझ्या बायकोचं, विमलाचं मंगळसूत्र वाढलं. ती कुंपण ओलांडून तुळसाकडे निघाली आणि मी घाबरून तिची वाट अडवली. मी, ग्रहणात मुद्दाम जेवणारा माणूस! "वेंगुर्ल्याक जाऊया, तुज्या म्हायारी, थंय ओवून घेवया," असं काहीतरी बरळलो. विमला हसली आणि गेली. मी तिच्यामागे कुंपणापर्यंत गेलो. तुळसाने वाट्या हातात घेतल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली ठेवल्या.

"विमलावयनी, आज डोळे दुखतत गो. मालवणाक न्हेशात?"

दुखत नव्हते. माझ्यासमोर तिने सकाळीच दोन पोती ओवल्या होत्या. तिने माझी भीती ओळखली आणि मला लाज न देता सोडून दिलं. मी चार वर्षं तिच्या नजरेला नजर दिली नाही. अजूनही तो दिवस आठवला की मला माझीच शिसारी येते.

सहासष्ट साली आनंदीचं लग्न ठरलं. मुलगा वेंगुर्ल्याचा, सत्यवान नावाचा, काजूच्या कारखान्यात कामाला. साऱ्या मुलखाच्या पोरींची पोत ओवणारी आई, आता लेकीची कशी ओवते ते बघायला बायका टपलेल्या. तुळसाने दोऱ्याला हातच लावला नाही. वाट्या नवऱ्यामुलाकडे पाठवल्या आणि कळवलं, तुमच्या गावी ओवून आणा.

आनंदी माझ्या ओटीवर येऊन रडली. "सगळ्यांचा करता, माजाच कित्याक नाय? मी काय केलंय?"

मी तिला पाणी देऊन घरी धाडलं. लोकांच्या लेकींसाठी आठ वर्षं तुळशीवर भार टाकून तिने निभावलं होतं. स्वतःच्या लेकीच्या वेळी तिची छाती झाली नाही. ती मनातून त्याच गावची होती, जसा मीही होतो. लग्नात आनंदी आईशी फुगूनच होती. पाया पडली, पण बोलली नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी, सकाळी सकाळीच तुळसा शाळेत आली. सुट्ट्या होत्या, वर्गात मी एकटा. ती पोरांच्या बाकावर बसली. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांखाली काळं. पन्नाशी दूर होती, पण दिसत होती साठीची.

"मास्तरानू, आता पत्र येव दे."

"धंद्याचा काय?"

"माका एकटीक किती लागता? आणि लोक त्याका आठ वर्सा वायट बोल्ले. मी आयकान घेतलंय. माज्या पोटासाठी त्याचा नाव घालवलंय मी. पुरे झाला. माका आता निजूचा आसा."

मी कपाटातून पत्र काढलं. घड्यांवर फाटलं होतं. पहिल्या चार ओळी वाचून मी थांबलो, सवयीने.

"वाचा. तेव्हा मी पुढचा आयकूक नाय."

पुढे तीनच ओळी होत्या. तिला माहीत नव्हत्या. मला होत्या, आणि त्या एवढी वर्षं माझ्या छातीवर बसून होत्या. मी वाचल्या. "तापात पण त्याला घरची आठवण होती. वहिनींसाठी त्याने चांगल्या काळ्या मण्यांची पुडी घेतली होती, ती माझ्याकडे सांभाळून ठेवली आहे. पत्र पोचल्याचं कळवा, म्हणजे पाठवतो."

तुळसाने पदर तोंडात धरला. आठ वर्षं अडवलेलं रडू ते, पण आवाज अगदी बारीक, कोणी उठू नये म्हणून रडावं तसा. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मग तिने कपाळ पुसलं, गळ्यातली पोत काढली आणि बाकावर ठेवली. माझ्याने बघवेना.

"लोकांका काय सांगशात, मास्तरानू? एवढा जुना पत्र?"

"माज्या कपाटामागे पडला होता म्हणान सांगतंय. आता गावला."

"तुमका शिव्या घालतीत."

"घालूं देत. लवूक घातल्यांनी, तशे माका." मग मी धीर करून म्हणालो, "तुळसा, विमलाची पोत हल्ली सैल झाली हा. मी स्वता घेवन येतंय. तूच ओव."

ती थकलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून जरा हसली. "चार वर्सा उशीर केलात, मास्तरानू. आता बोटां वळनत नाय."

मी टाक, दौत घेतली. शंकर कोचीनला असेल की नसेल, कोणास ठाऊक, पण उत्तर जायला हवं होतं. "मण्यांचा काय लिवू? धाडून देवक सांगू?"

"माका काय करूचे ते आता? शंकराक चेडू आसात तर तिच्या लग्नाक घाल म्हणान लिवा. आणि ओवताना आवशीन ओवक होयी, असाय लिवा."

मी लिहिलं. मणी मुलीच्या आईनेच ओवावेत, असंही लिहिलं. "आणि?"

ती उठली. बाकावरची पोत पदराच्या टोकात बांधली.

"आणि लिवा, पत्र आज पोचला."