आईच्या डाव्या हातानं बंद केलेली तोटी

मंडळी, आजचं आत्ताच सांगते.

आईला लकवा होऊन सहा महिने झाले. डाव्या हाताची बोटं जराशी हलतात, पण व्यायामाचा चेंडू काही धरत नाहीत. मेंदूनं तो हात वापरायला पुन्हा शिकावं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज तिचा चांगला हात तासभर बांधून ठेवते.

आज आठ दिवसांनी आमच्या गल्लीत टँकर आला. ड्रम भरला आणि मी त्याची तोटी उघडीच विसरून आत गेले. बाहेर आले तर चांगला हात बांधलेलाच, आणि आई डाव्या हातानं तोटी बंद करून राहिली होती.

"आई, तुझा हात," मी म्हणाले.

"हात ऱ्हाऊ दे. पाणी किती गेलं ते बघ."

उद्या तोटी मुद्दाम उघडी ठेवणार आहे. खाली गुपचूप घमेलं ठेवीन. तुम्ही कोणी तिला सांगू नका.