निळा दिवा आणि काचेची गोटी

ब्रेकबाईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बाईंचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. त्या गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी आपला वेगळा ब्रेक, आणि समोर सायकलवाला दिसला की शिकणाऱ्याच्या डोक्यात विचार येण्याआधी गाडी जागच्या जागी उभी. पहिल्याच तुकडीतल्या एका शिंपीणबाईने वैतागून हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं की शेवटी पाटीवरही तेच रंगवावं लागलं.

शाळा म्हणजे घराची तळमजल्यावरची, रस्त्याला लागून असलेली खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात फळीवर ठोकलेले भंगारातल्या गाडीचे तीन पेडल आणि त्यापुढे एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत बसून पायांना वळण लागल्याशिवाय खऱ्या गाडीला हात लावायचा नाही, हा नियम. खऱ्या गाडीत दुसरा नियम वाट बघत असायचा. डॅशबोर्डवर डब्याचं स्टीलचं झाकण उताणं चिकटवलेलं आणि त्यात काचेची एक गोटी. गाडीने हिसका दिला की गोटी कडेवर आपटायची, टण्ण वाजायचं, आणि बाई म्हणायच्या, "घ्या बाजूला. पुन्हा पहिल्यापासून." भल्याभल्यांना त्या गोटीने रडकुंडीला आणलं होतं.

घर वडलांचं. वरचा मजला आणि ही पुढची खोली थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या वाट्याची. मागच्या दोन खोल्या बाईंच्या. दादाने शाळेला खोली दिली ती कौतुकाने नव्हे, रिकामी पडली होती म्हणून. शाळा उघडली त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला होता, "आता झाडांनी आपापलं जपून राहावं!" लोक हसले. बाईही हसल्या, पण ते वाक्य काही त्या विसरल्या नाहीत. आणि दादा स्वतः गाडी कशी चालवायचा, तर सिग्नल सुटला की बंदुकीतून सुटल्यासारखा, आणि पुढच्या सिग्नलला कचकन ब्रेक. त्याच्या शेजारी बसून बसून वहिनींची हाडं खिळखिळी झाली होती.

तर असा हा दादा निवृत्त झाला आणि त्याचे हात शिवशिवायला लागले. एके दिवशी कुठल्याशा हॉटेलातलं व्याख्यान ऐकून आला तो हवेतच. मागोमाग खोकी आली. खोक्यांत काडेपेटीएवढ्या काळ्या डब्या. इंधन वाचवणारं यंत्र म्हणे. स्टीअरिंगखालच्या खाचेत खुपसायचं, निळा दिवा लुकलुकला की पेट्रोल वाचायला सुरुवात.

"मला पुढची खोली लागेल," दादा म्हणाला. "दुकान टाकतोय. तुझं काय, ती फळी नि खुर्ची मागच्या बोळातसुद्धा मावेल."

बाई दाराबाहेरच्या पाटीकडे बघायला लागल्या. मागच्या बोळात कोण येणार शिकायला? रस्त्यावरून पाटी दिसायची, उघड्या दारातून खुर्ची दिसायची, म्हणून तर बायका बिचकत बिचकत आत पाऊल टाकायच्या. खोली गेली की शाळा गेली, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"चालतं का पण ते?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच गाडीत लावलंय! टाकी संपता संपत नाही. मी काय खोटं बोलतोय?"

हीच तर पंचाईत होती. दादा नंबर एकचा बढाईखोर, पण खोटं बोलणारा नव्हता. टाकी पुरतेय म्हणाला म्हणजे पुरत असणार.

दुसऱ्या दिवशी तो वहिनींना दाताच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला, तेव्हा बाई मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसल्या. आणि बघतात तर काय! सिग्नल सुटला आणि गाडी अशी निघाली की मांडीवरच्या बाळालासुद्धा जाग येऊ नये. दादाचा एक डोळा रस्त्यावर, एक निळ्या दिव्यावर. पुढे लाल दिसताच त्याने लांबूनच रेस सोडली. बाईंनी ओठ चावून हसू दाबलं. यंत्र लावलंय, आता पेट्रोल वाचलंच पाहिजे, या एका काळजीने दादाचा उजवा पाय न शिकवता शहाणा झाला होता. कष्ट पायाचे आणि कौतुक दिव्याचं! जगात कुठे एखादं खरं यंत्र असेलही, मी नाही म्हणत नाही. पण हे ते नव्हे, एवढं बाईंना त्या सीटवर बसल्या बसल्या कळलं.

संध्याकाळी त्या वर गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "दादा, पैज लावतोस? गाडी तुझी, चालवायचीही तूच. दोन फेऱ्या डबी लावून, तिसरी डबीशिवाय. तिसरीत सगळ्यात कमी पेट्रोल लागलं तर खोली कायमची माझी. नाही लागलं तर मी स्वतः फळी उचलून बोळात नेते."

"डबीशिवाय कमी? ते कशाने?"

"गोटीने."

दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वहिनींनी पंच व्हायचं कबूल केलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पंपावर टाकी गळ्याशी येईपर्यंत भरली. पाण्याच्या मोठ्या टाकीला वळसा घालून यायचं, गाडीची टाकी त्याच नळीने पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. आत जाईल तेवढं खर्चलं. आकडा वहिनींच्या तळहातावर, पेनने. पहिली फेरी दादाने अशी मारली की मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला. आकडा झकास आला. दादाने पंपावरच्या माणसाला डबी काढून दाखवली, खिशातून पत्रक काढून दिलं, आणि एवढ्यात दुकानाचं नावही सांगून टाकलं.

दुसऱ्या फेरीआधी बाई वहिनींच्या कानाला लागल्या. पहिल्या वळणापर्यंत वहिनी गप्प होत्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, माझं शिलाई मशीन तुम्ही भंगारवाल्याला दिलंत, ते मला विचारून दिलंत का हो?"

झालं. दादाने रेस दाबली. वहिनी मशीनवरून त्याच्या बहिरेपणाच्या सोंगावर आल्या, तिथून सासरच्या माणसांवर. गाडी गर्जत गेली, कचकत थांबली, पुन्हा गर्जली. निळा दिवा बिचारा इमानेइतबारे लुकलुकत होता. पंपावर आकडा बघून दादा ओरडला, "ही बोलत होती!"

"डबी तर लावलेली होती ना?" बाई म्हणाल्या. "का तिलाही ऐकू येतं?"

पंपावरचा माणूस तोंड फिरवून हसला. दादाने डबी उपटून खिशात घातली. बाईंनी पिशवीतून झाकण काढलं, डॅशबोर्डवर चिकटवलं, गोटी ठेवली आणि दादाच्या शेजारी बसल्या.

बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे आपल्या पायाशी ब्रेक नाही. दादाच्या गाडीत तो कसा असणार? पायाखाली नुसती चटई होती. सगळी शाळा दादाच्या उजव्या पायाच्या टाचेखाली होती, आणि तिच्यावर बाईंचा काडीचा ताबा नव्हता.

पाण्याच्या टाकीमागचा रस्ता सरळ आणि मोकळा. दादाने गोटीकडे पाहिलं.

"आत्ता रेस दाबली तर खोली माझी," तो म्हणाला.

"हो."

"तू काय करशील?"

"काही नाही करू शकत. ब्रेक नाहीये मला."

बाईंनी चटईवर पाय इतका रोवला की पोटरी दुखायला लागली. गाडीचा आवाज वाढेल म्हणून त्या कान देऊन बसल्या, पण तो वाढला नाही. वळण आलं. दादाने लांबून रेस सोडली, गिअर बदलला, आणि जीभ दातांत धरून, पहिल्यांदा सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासारखं वळण घेतलं. गोटी झाकणात सरकली, कडेला टेकली. वाजली नाही. पंपापर्यंत एकदाही वाजली नाही.

आकडा पहिल्या फेरीहूनही कमी होता. वहिनींनी तळहात उंच करून दाखवला आणि पंच असल्याचं विसरून बाईंना मिठीच मारली. बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी दोन्ही आवरलं नाही. का आवरावं? दादाने मात्र गाडीतून उतरून डबीची पाठ स्क्रू-ड्रायव्हरने उघडली. आत दिवा होता आणि दिवा लुकलुकवणारी चकती, बस्स. "परत पाठवतो सगळी खोकी," तो म्हणाला. "हे लोकांना विकायचं तोंड नाही माझं."

दुसऱ्या दिवशी बाई शाळा उघडायला आल्या तर दार उघडंच. फळीपुढच्या लाकडी खुर्चीत दादा बसला होता, पँट दुमडून, बूट बाजूला काढून.

"या बाई," तो उठून उभा राहिला. आजवर 'अगं'शिवाय हाक न मारलेला माणूस. "बायको म्हणाली, उजवा पाय तेवढा शिकून या. घेता का शाळेत?"

"फळीवर आठवडाभर बसावं लागेल," बाई म्हणाल्या. "मोठा भाऊ म्हणून सवलत नाही."

"झाडांच्या भल्यासाठी बसतो," दादा म्हणाला.

आठवडा झाल्यावर त्या त्याला शाळेच्या गाडीत घेऊन निघाल्या. गल्ली बघत होती. बाजार, सिग्नल, शाळकरी पोरं, आडवी आलेली सायकल, सगळं दादाने पार केलं आणि गाडी दारात आणून लावली. गोटी गप्प होती. बाई उतरायला लागल्या तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय सीटखाली आरामात दुमडलेले होते, आणि ब्रेक तिथे पुढे, लांब, एकटा होता.