तीनची कॉफी

श्रीखंडासाठी वेलदोडे कुटायला घेतले, की कर्वेनगरच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवते. धाकटी जाऊ सुधा नुकतीच स्टॉकहोम पाहून आली होती. तिच्यासाठीच मी घामाघूम होऊन पुऱ्या लाटत होते. ती खुर्चीत बसून सांगत होती, "वहिनी, तिथे तीन वाजले की सगळे हातातलं काम टाकून कॉफी प्यायला बसतात. सोबत वेलदोड्याचा गोड पाव. बायकासुद्धा बसतात हं!"

"मग पुऱ्या कोण तळतं?" मी विचारलं.

ती हसली. माझा नुसता जळफळाट झाला. वेलदोडा आपला, आणि निवांत बसायचं त्यांनी!

आता मीही रोज तीनला कॉफी घेऊन बसते. तेवढ्यात सुधाचा फोन आलाच, तर "कामात आहे गं," म्हणून ठेवून देते.